पेनसिल्व्हेनियाचा डबा कॅन्ससमध्ये काय करतोय? (जुन्या अमेरिकन मालगाड्या)

यार्डमास्तर
वाफेच्या इंजिनांच्या धाग्यावर मालडब्यांचा विषय निघाला होता आणि तिथे फार अवांतर व्हायला लागलं म्हणून हा वेगळा धागा. इंजिनांचे फोटो सगळेच काढतात, पण रेल्वेचं पोट भरायचं ते डब्यांवर आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, तेव्हा इथे इंजिनांना बंदी (हलकेच घ्या).

१९३० ते ५० च्या दरम्यानचा अमेरिकन मालगाडीचा कुठलाही फोटो झूम करून बघा. समजा कॅन्ससमधलं छोटं गाव, गव्हाचं उंच कोठार, लाईन सांता फेची. आता शेजारी उभे असलेले बंद डबे मोजा, एक सांता फेचा, त्याला लागून पेनसिल्व्हेनियाचा, मग न्यूयॉर्क सेंट्रल, मग सदर्न (ही सगळी रेल्वे कंपन्यांची नावं). पेनसिल्व्हेनियाची लाईन पश्चिमेला सेंट लुईसपर्यंत येऊन संपते, मग हा तिथे कसा पोचला?

पोचला कारण अमेरिकेत शेकडो खाजगी कंपन्या होत्या आणि माल मात्र एका कंपनीच्या हद्दीत मावत नव्हता. हद्द आली की माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा म्हणजे वेळ, मजुरी, चोरी, फुटतूट, सगळंच आलं. म्हणून मालाऐवजी अख्खा डबाच पुढच्या कंपनीच्या ताब्यात द्यायची पद्धत पडली. ऐकायला सोपं वाटतं पण त्यासाठी आधी गेज (दोन रुळांमधलं अंतर) एक पाहिजे, जोडणी एक पाहिजे, ब्रेक एक पाहिजे आणि तुमचा डबा माझ्या लाईनवर मोडला तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा ते ठरलेलं पाहिजे. हे शेवटचं ठरवायला १८६७ मध्ये मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन निघाली. गेजचं बघा, दक्षिणेकडच्या रेल्वे पाच फुटी होत्या, त्यांनी १८८६ मध्ये ३१ मे आणि १ जूनला मिळून साधारण ३६ तासांत ११,५०० मैल लाईनचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला. खिळे आधीच ठोकून ठेवलेले, माणसं मैलामैलावर उभी.

आता मुख्य गोष्ट, भाडं. दुसऱ्याचा डबा तुमच्याकडे आहे तर मालकाला पैसे द्यायचे. आधी हे मैलावर होतं, म्हणजे डबा यार्डात महिनाभर कुजत पडला तर मालकाला छदाम नाही! १९०२ पासून दिवसावर आलं, सुरुवातीला दिवसाला २० सेंट, पुढे वाढत वाढत १९३० च्या दशकात एक डॉलर. आणि दिवस कसा मोजायचा, तर रात्री बाराच्या ठोक्याला डबा ज्याच्या ताब्यात त्याच्या डोक्यावर त्या दिवसाचं भाडं. त्यामुळे रात्री अकरा-साडेअकराला जंक्शनवर लगबग बघायला पाहिजे, प्रत्येकजण दुसऱ्याचे डबे बाराच्या आत पुढच्या कंपनीच्या गळ्यात मारायला बघतोय.

नियम असा होता की परक्या कंपनीचा डबा रिकामा झाला की तो घराच्या दिशेला जाणारा माल भरून पाठवायचा, तसा माल नसेल तर रिकामा परत. पण कॅन्ससमध्ये जूनमध्ये गहू उभा आहे, व्यापारी डबा द्या म्हणून स्टेशनमास्तरच्या टेबलावर बसलाय आणि समोर पेनसिल्व्हेनियाचा स्वच्छ रिकामा डबा उभा आहे, तर कोण नियम बघतो? भरला गहू, निघाला गॅल्व्हेस्टन बंदराला, म्हणजे घराच्या अजून लांब.

माझं म्हणणं एवढंच की अमेरिकन रेल्वे समजून घ्यायची तर इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा हे एक डॉलरचं भाडं जास्त कामाचं आहे. डबा कुठला बांधायचा, कुठे उभा करायचा, कधी परत पाठवायचा, सगळं त्याच्यावर ठरायचं. मंदी आली की सगळे दुसऱ्याचे डबे पटापट घरी पाठवणार कारण रिकाम्या डब्यावर डॉलर कशाला घालवा, आणि तेजी आली की कोणीच परत करणार नाही कारण डॉलर देऊन वापरणं नवीन डबा बांधण्यापेक्षा स्वस्त. ज्यांच्याकडे डबे कमी त्यांची चैन, ज्यांच्याकडे जास्त ते बोंबलतायत, आणि हे भांडण सरकारी आयोगापुढे कित्येक दशकं चाललं.

चिंचवडचा_चिंटू
जबरी धागा. वाचनखूण साठवली. एक प्रश्न, कॉम्प्युटर नसताना कोणाचा डबा कुठे आहे हे कळायचं कसं? २० च्या दशकात किती डबे असतील सगळे मिळून?

यार्डमास्तर
@चिंटू, वीस लाखांच्या वर, त्यात बंद डबेच दहा लाखांच्या आसपास. आणि सगळा हिशोब पेन्सिलीवर. प्रत्येक डब्यावर कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर, गार्ड आपल्या वहीत गाडीतल्या प्रत्येक डब्याचा नंबर, रिकामा का भरलेला, कुठून कुठे, हे लिहिणार. जंक्शनवर डबा दुसऱ्याला दिला की दोन्हीकडचे कारकून यादी करणार आणि ती हेडऑफिसला जाणार जिथे हॉलभर क्लार्क लोक मोठमोठ्या खतावण्यांमध्ये हे उतरवत बसलेत. शिवाय डब्याच्या अंगावर एक छोटी लाकडी फळी असायची, तिच्यावर पुढे कुठे जायचंय त्याचं कार्ड खिळ्याने ठोकलेलं. गार्ड लोकांच्या त्या जुन्या वह्या आता अभ्यासकांना सोन्यासारख्या आहेत, कारण अमुक दिवशी अमुक गाडीत नेमके कुठले डबे होते ते फक्त त्यातच सापडतं.

विचिटावाली
यार्डमास्तर, गव्हाचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसती वाचकच आहे. मी कॅन्ससमध्येच राहते आणि इथल्या जुन्या लोकांकडून हे ऐकलंय, नंतर म्युझियममध्ये बघितलं पण.

गहू बंद डब्यात पोत्यात नाही हो भरायचे, मोकळा! डब्याला दोन्ही बाजूला सरकती दारं, ती उघडली तर सगळं धान्य बाहेर, म्हणून आतल्या बाजूने दाराच्या चौकटीवर फळ्या ठोकायच्या आणि वर थोडी जागा सोडायची. त्या फटीतून कोठाराची नळी आत आणि गहू सुरू. आत एक माणूस फावडं घेऊन धान्य टोकापर्यंत ढकलणार, धुळीने पांढराफट. डब्याच्या आतल्या भिंतीवर रेघा मारलेल्या असायच्या, गहू इथपर्यंत, मका इथपर्यंत, ओट्स इथपर्यंत. ओट्स हलके म्हणून त्यांची रेघ वर, गहू जड म्हणून खाली, नाहीतर डबा ओव्हरलोड. चाळीस फुटी डब्यात दीड ते दोन हजार बुशेल (धान्याचं तिकडचं माप) गहू बसायचा म्हणजे ४० ते ५५ टन.

आणि डबा कुठलाही चालायचा नाही बरं का. आधी तपासणारा येणार, छपराला भोक नाही ना, फळ्यांना फटी नाहीत ना, आणि मुख्य म्हणजे आधी काय भरलं होतं. जनावरांची कातडी वाहिलेला डबा असेल तर तो वास जन्मात जात नाही, असे डबे वेगळे काढून त्यांच्यावर तसं लिहूनच ठेवायचे. सगळ्यात चांगला डबा पीठ-साखरेला, त्याच्या खालचा धान्याला, मग असं उतरत उतरत. सुगीच्या आधी रेल्वेवाले महिनाभर डबे गोळा करून आडबाजूच्या लाईनींवर रांगेने उभे करून ठेवायचे, तरी जूनअखेर कमी पडायचेच आणि गहू जमिनीवर ढिगाने पडून राहायचा.

रिकामा करायचा म्हणजे परत फळ्या फोडा, अर्धं धान्य आपोआप पडतं, उरलेलं माणसं ओढणार. मोठ्या बंदरांवर अख्खा डबा उचलून तिरका करायची यंत्रं होती, आधी बाजूला कलवायचा मग एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला, जसं आपण डब्याच्या तळातलं पीठ काढायला डबा आपटतो तसंच!

मनमाड_जंक्शन
विचिटावाली ताई, मस्त प्रतिसाद. लिहीत चला.

माझे वडील मनमाडला गुड्समध्ये होते. ब्रॉडगेजचा माल मुंबईकडून येणार आणि सिकंदराबादकडची लाईन मीटरगेज, म्हणजे यार्डमास्तर म्हणतात ती मालाची अदलाबदल आमच्याकडे रोजची. एका बाजूला ब्रॉडगेजची वॅगन, दुसऱ्या बाजूला मीटरगेजची, मधे धक्का आणि हमाल पाठीवर पोती घेऊन इकडून तिकडे. सिमेंट असलं की अर्धं हवेत. साखरेच्या पोत्याला भोक पडलं की मुंग्यांच्या आधी पोरं हजर, त्यात आम्ही पण. वडील म्हणायचे कागदावर पोती बरोबर येतात, वजन येत नाही.

आणि डेमरेज तर काय तोच प्रकार. वेळेत वॅगन रिकामी केली नाही की व्यापाऱ्याला दंड, आणि मग तो गुड्स क्लार्कच्या घरी आंब्याची पेटी घेऊन येणार. तुमच्या अमेरिकेत कसं होतं?

यार्डमास्तर
@मनमाड, आंब्याचं माहीत नाही :) पण नियम तोच. भरायला-उतरवायला ४८ तास फुकट, नंतर दिवसाला दंड. तरी लोक डबा गोदामासारखा वापरायचे, विशेषतः कोळशाचे आणि लाकडाचे व्यापारी. याचा सगळ्यात वाईट नमुना १९१७ चा हिवाळा. युद्धाचा माल सगळा पूर्व किनाऱ्यावर चाललाय, जहाजं नाहीत, उतरवायला जागा नाही, तरी मागून डबे येतायत. न्यूयॉर्कच्या आसपास यार्डं भरली आणि तिकडे पश्चिमेला मात्र माल भरायला डबा नाही. शेवटी डिसेंबर १९१७ मध्ये सरकारने सगळ्या रेल्वे ताब्यात घेतल्या, त्या थेट मार्च १९२० ला परत दिल्या. त्या काळात सरकारने ठरावीक डिझाइनचे एक लाख डबे बनवून कंपन्यांना वाटले. अनेक कंपन्या नाक मुरडत होत्या, पण ते डबे पुढे तीस-तीस वर्षं चालले आणि त्यांची नक्कल पण त्याच कंपन्यांनी केली.

बार्शीलाईट
मनमाडची गोष्ट निघालीय तर आमच्या बार्शी लाईटला कसं विसरता? नुसतं आठवण म्हणून नाही, या धाग्याशी थेट संबंध आहे म्हणून सांगतो.

कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी गेजची लाईन १८९७ ला सुरू झाली, करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा हट्ट असा की प्रत्येक चाकजोडीवर वजन पाच टनाच्या वर जाता कामा नये आणि डबे कुठलेही असोत, सांगाडा एकाच लांबीचा, २५ फूट. बंद डबा, उघडा डबा, खालून सगळे सारखे, म्हणजे स्पेअर पार्ट एकच. आणि सांगाडा कशाचा तर दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचा, इंग्लंडात लीड्स फोर्ज कंपनीत बनलेला. भारतात यायच्या आधी लीड्सजवळ तात्पुरती लाईन टाकून लोकांना दाखवले पण होते.

आता गंमत. लीड्स फोर्जचा मालक सॅमसन फॉक्स. यानेच अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोलिएटला कारखाना काढून तिथल्या मालडब्यांना दाबीव पोलादाच्या बोगी (डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) विकल्या, आणि विकणारा सेल्समन कोण तर डायमंड जिम ब्रेडी, अंगभर हिरे घालणारा आणि खाण्यासाठी प्रसिद्ध असलेला. पुढे १८९९ ला फॉक्सची ती कंपनी आणि पिट्सबर्गच्या चार्ल्स शोएनची कंपनी मिळून प्रेस्ड स्टील कार कंपनी झाली, आणि अमेरिकेत लाकडी डबे जाऊन पोलादी यायला लागले त्यात हिचा मोठा वाटा. म्हणजे आमच्या बार्शीच्या डब्याचे आणि पिट्सबर्गच्या डब्याचे आजोबा एक!

यार्डमास्तर
@बार्शीलाईट, साष्टांग दंडवत. फॉक्सचं नाव माहीत होतं, बार्शीचं कनेक्शन नव्हतं माहीत. आणि तारीख कशी जुळते बघा, त्याच १८९७ मध्ये शोएनने पोलादवाल्या कार्नेगीच्या पिट्सबर्गजवळच्या लाईनला पोलादी हॉपर डब्यांची पहिली मोठी ऑर्डर पुरवली. खनिज आणि कोळसा भरायचा, खालचं झाकण उघडलं की आपोआप खाली.

पशुवैद्य_पुणे
जनावरांच्या डब्यांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या विषयाशी संबंधित म्हणून थोडं वाचलं होतं.

अमेरिकेत १८७३ ला कायदा झाला, १९०६ ला पुन्हा नीट केला, की गुरं-डुकरं-मेंढ्या सलग २८ तासांपेक्षा जास्त डब्यात ठेवायची नाहीत. उतरवा, पाणी-चारा द्या, पाच तास विश्रांती, मगच पुढे. मालकाने लेखी दिलं तर ३६ तासांपर्यंत चालायचं. त्यामुळे रेल्वेला लाईनवर ठिकठिकाणी कोंडवाडे बांधावे लागले आणि गुरांच्या गाडीला सगळ्यांच्या पुढे काढायला लागायचं, कारण तास भरत आले की भलत्याच स्टेशनवर शंभर गुरं उतरवायची वेळ येणार. डब्यांच्या भिंती फटीफटींच्या, हवा लागावी म्हणून, डुकरं-मेंढ्यांना दोन मजली. जुन्या फोटोत या डब्यांच्या खालच्या भागावर पांढरे ओघळ दिसतात तो चुना आहे, जंतुनाशक म्हणून मारायचे. मॉडेलवाले लोक ते रंगवत नाहीत म्हणून सांगून ठेवतो.

यार्डमास्तर
डॉक्टर, याचीच दुसरी बाजू म्हणजे बर्फाचे डबे. शिकागोत गुस्तावस स्विफ्टच्या डोक्यात आलं की जिवंत बैल न्यूयॉर्कला पाठवायचा म्हणजे हाडं, कातडं, शिंगं सगळ्याचं भाडं भरायचं, त्यापेक्षा इथेच कापून मांस पाठवू. पण रेल्वे कंपन्यांनी गुरांच्या डब्यांत आणि कोंडवाड्यांत पैसा घातलेला आणि जिवंत बैलाचं वजन जास्त म्हणून भाडं जास्त, त्या कशाला तयार होतायत! शेवटी स्विफ्टने १८७० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचे डबे बनवून घेतले आणि ज्यांच्याकडे गुरांची वाहतूक फारशी नव्हती त्या ग्रँड ट्रंक रेल्वेला पकडलं, जी कॅनडामधून वळसा घालून जायची. तेव्हापासून बर्फाचे डबे बरेचसे खाजगी कंपन्यांचे राहिले. आद्याक्षरांच्या शेवटी एक्स असेल तर समजायचं डबा रेल्वेचा नाही, तेलाचे टँकर पण बहुतेक तसेच.

मी राहतो तिथून कॅलिफोर्नियातलं रोझव्हिल जवळ आहे. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस ही युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिकने १९०६ ला काढलेली कंपनी, १९३० च्या सुमारास तिच्याकडे ४० हजार पिवळट-नारिंगी डबे होते आणि रोझव्हिलचा बर्फाचा कारखाना जगातला सगळ्यात मोठा म्हणायचे. डब्याच्या दोन्ही टोकांना छपरातून बर्फ टाकायची टाकी, दोन्ही मिळून पाचेक टन बर्फ. कॅलिफोर्नियाची फळं पूर्वेला पोचेपर्यंत वाटेत पुन्हा पुन्हा बर्फ भरायचा, छपराच्या उंचीचे लांबच लांब फलाट, त्यावरून तीनतीनशे पौंडाच्या लाद्या सरकवत आणायच्या, फोडायच्या आणि आत. मांस असेल तर सोबत मीठ.

मला यातली सगळ्यात आवडती भानगड म्हणजे माल गिऱ्हाईक नसताना निघायचा. गाडी चाललीय, दलाल इकडे तारा पाठवतोय, शिकागोत भाव पडला तर बोस्टनला वळवा, आणि रेल्वे ते वाटेत वळवून द्यायची. कलिंगडं नेव्हाडात असताना एकाची, नेब्रास्कात दुसऱ्याची.

गणिती_किडा
मला एक शंका आहे. डबे जर असे मोकाट फिरत असतील तर कुठल्याही लाईनवर कुठल्याही दिवशी परक्या बंद डब्यांमध्ये प्रत्येक कंपनीचं प्रमाण साधारण तिच्या देशभरातल्या ताफ्याएवढंच यायला पाहिजे ना? म्हणजे पत्ते पिसल्यासारखं.

यार्डमास्तर
@गणिती_किडा, अगदी हाच सिद्धांत अभ्यासकांनी मांडलाय आणि गार्डांच्या वह्यांवर तपासला तेव्हा बंद डब्यांसाठी बऱ्यापैकी जुळला. फक्त शेजारच्या कंपन्या थोड्या जास्त दिसतात. पण तो सगळ्या डब्यांना लावू नका. कोळशाचा हॉपर खाणीतून बंदराला भरून जातो आणि रिकामा सरळ परत येतो, नॉरफोक अँड वेस्टर्नचा हॉपर नेब्रास्कात दिसला तर समजा काहीतरी गडबड आहे. टँकर भाड्याने दिलेले, तेही ठरलेल्या वाटेने. मोकाट फिरायचा तो बंद डबा.

छोटीरेल्वे_डोंबिवली
मी एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) रेल्वे मॉडेलचं छोटंसं लेआउट करतोय, १९४८, मध्य-पश्चिमेतलं गाव. बजेट दहा डबे. काय घेऊ? सगळे सांता फेचेच घेणार होतो, रंग एकसारखा दिसतो म्हणून.

यार्डमास्तर
@छोटीरेल्वे, अजिबात नको. सहा बंद डबे घ्या, त्यात सांता फेचे दोनच, एक पेनसिल्व्हेनिया आणि एक न्यूयॉर्क सेंट्रल हवेतच कारण हे सगळ्यात मोठे दोन ताफे. पेनसिल्व्हेनियाचा एक्स२९ डिझाइनचा मिळाला तर उत्तम, पोलादी, १९२४ पासून सुमारे ३० हजार बनले. उरलेले दोन कुठलेही, एखादा कॅनडाचा चालेल. एक कोळशाचा उघडा डबा, एक टँकर, एक बर्फाचा, एक गुरांचा. आणि सगळे मातकट लाल असले तरी सारखे रंगवू नका, एक नवाकोरा, दोन-तीन इतके मळलेले की नंबर दिसू नये. डॉक्टरांचा चुना विसरू नका.

विचिटावाली
छपरावर चालायची फळी असलेलेच डबे घ्या हं. पूर्वी एअर ब्रेक नव्हते तेव्हा ब्रेकमन पळत्या गाडीच्या छपरावरून डब्याडब्याचा ब्रेक हाताने फिरवत जायचे, बर्फात सुद्धा. आणि जोडणी म्हणजे कडी आणि खिळा, दोन डब्यांच्या मधे उभं राहून हाताने बसवायची, किती लोकांची बोटं गेली. जॅनीने आपोआप जुळणाऱ्या कप्लरचं पेटंट १८७३ लाच घेतलेलं पण कंपन्यांनी ढकलत ढकलत नेलं, शेवटी १८९३ ला कायदा केला तेव्हा हलले.

मनमाड_जंक्शन
हो ना. आपल्याकडे तर स्क्रू कपलिंग कितीतरी वर्षं होतं, पॉइंट्समन दोन वॅगनींच्या मधे घुसून तो दुवा टाकायचा. बॉक्स वॅगन आल्या तेव्हा ते मोठं मुठीसारखं कप्लर बघायला आम्ही पोरं यार्डात गेलो होतो.

चिंचवडचा_चिंटू
एवढे डबे फिरतायत तर चोरी नाही व्हायची? डब्यातल्या मालाची नाही, डब्याची.

यार्डमास्तर
झाली ना! १९७१ ला पेन सेंट्रल या बड्या रेल्वे कंपनीचे शेकडो बंद डबे इलिनॉयमधल्या लासाल अँड ब्यूरो काउंटी नावाच्या टीचभर रेल्वेवर सापडले, नवीन रंग, नवीन नंबर. पेन सेंट्रल तेव्हा दिवाळखोरीत, स्वतःचे डबे कुठे आहेत याचा पत्ता नाही. बातमी झाली तेव्हा लोक आधी हसले आणि मग चौकशा लागल्या.

आणि कायदेशीर भानगड त्याहून भारी. डबे कमी पडतात म्हणून सरकारी आयोगाने ७० च्या दशकात नवीन बंद डब्यांना जादा दैनिक भाडं मंजूर केलं. झालं, गुंतवणूकदारांनी डॉक्टर-वकिलांचा पैसा गोळा करून हजारो चकचकीत निळे-हिरवे डबे बनवले आणि व्हर्माँटपासून जॉर्जियापर्यंतच्या आठ-दहा मैलांच्या रेल्वेंची नावं त्यावर रंगवली. डबा घरी कधी येणारच नाही, फिरत राहील आणि भाडं येत राहील असा हिशोब. १९८० च्या आसपास मंदी आली, सगळ्यांनी परके डबे घरी पाठवले, आणि घरी जेवढी लाईन त्यापेक्षा डब्यांची रांग लांब! कितीतरी डबे नवेच्या नवे पडून राहिले, मग मोठ्या कंपन्यांनी स्वस्तात उचलले.

विचिटावाली
आणि गव्हाचे चाळीस फुटी डबे कधी बंद झाले? इथे आता सगळे झाकणवाले हॉपरच दिसतात.

यार्डमास्तर
सदर्न रेल्वेने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'बिग जॉन' नावाचे शंभर टनी अॅल्युमिनियमचे हॉपर आणले आणि धान्याच्या वाहतुकीचा दर साधारण ६० टक्क्यांनी उतरवायची परवानगी मागितली. नदीवरच्या बार्जवाल्यांनी कोर्टात खेचलं, अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत, पण हॉपर आले ते आलेच. वरून भरा, खालून सोडा, फळ्या नकोत, फावडं नको. अमेरिकेत ७० च्या दशकात फळ्यावाले डबे जवळपास संपले. कॅनडात मात्र हडसन बेवरच्या चर्चिल बंदराकडे जाणारी लाईन दलदलीवरून जाते, जड हॉपर तिला झेपेनात, म्हणून तिथे चाळीस फुटी डब्यातून गहू ९० च्या दशकातही जात होता.

छोटीरेल्वे_डोंबिवली
मग माझ्या लेआउटला चर्चिलच करून टाकतो, चाळीस फुटीच घ्यायला लागतील आणि वाफेच्या इंजिनाचा खर्च पण वाचेल. बायको विचारतेय दलदल कशाने करणार, कोणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.